स्टारडस्ट, लास व्हेगास : इमारतीपेक्षा मोठी पाटी

अवंती_हेंडरसन

२ जुलै १९५८ ला लास व्हेगासमध्ये 'स्टारडस्ट' नावाचं कॅसिनो हॉटेल उघडलं. खोल्या हजाराच्या वर. इमारती मात्र अगदीच साध्या : मागे दुमजली खोल्यांच्या लांबच लांब रांगा आणि रस्त्याच्या बाजूला एक बसकी, सपाट छपराची पेटी. नाव ताऱ्यांच्या धुळीचं, पण भिंतीत, खिडकीत, छपरात कुठे अंतराळाचा मागमूस नाही.

मग त्या पेटीच्या कपाळावर २१६ फूट लांब आणि २७ फूट उंच पाटी चढवली. मधोमध १६ फूट व्यासाची प्लास्टिकची पृथ्वी, तिच्या मागून चारी बाजूंना फाकणारे निऑनचे किरण, आजूबाजूला फिरणारे ग्रह, चमचमणाऱ्या चांदण्या आणि या सगळ्यावर करवतीच्या दात्यांसारख्या कोनांची अक्षरं : 'स्टारडस्ट'. निऑनची नळी ७,१०० फूट आणि वर ११,००० हून जास्त दिवे. एकट्या 'एस' या अक्षरात ९७५ दिवे होते.

ही पाटी 'यंग इलेक्ट्रिक साईन कंपनी'ने केली. व्हेगासमध्ये सगळे तिला 'येस्को' म्हणतात. दर्शनी भागाची कल्पना केर्मिट वेन यांची. हे नाव मुद्दाम लिहितेय. हॉटेलच्या मालकांवर, त्यामागच्या गुन्हेगारी टोळ्यांवर पुस्तकंच्या पुस्तकं निघाली, पण ज्या माणसाच्या कागदावरच्या रेघांमुळे लोकांनी गाडीचा वेग कमी केला, त्याचं नाव व्हेगासमध्येही फार थोड्यांना ठाऊक आहे.

पुढे साठच्या दशकात रस्त्याच्या कडेला १८८ फूट उंचीचा खांब-फलक आला. तो 'ॲड-आर्ट' कंपनीच्या पॉल मिलर यांचा. वरती ताऱ्यांचा ढग, आणि रात्री प्रकाश त्या ढगातून सुटून खाली नावावर भुरभुरत यायचा. स्टारडस्ट म्हणजे काय हे न वाचता कळायचं. १९९१ मध्ये हॉटेलचं नूतनीकरण झालं, ३२ मजली मनोरा आला आणि ती कोनदार अक्षरं काढून त्या जागी साधी हेल्वेटिका बसवली. हेल्वेटिका उत्तम टाइप आहे, पण ती विमानतळावर, बँकेत, औषधाच्या खोक्यावर कुठेही शोभते. ताऱ्यांच्या ढगाखाली ती परकी दिसायची. माझ्या मते स्टारडस्ट तेव्हाच अर्धं गेलं. बाकीचं १ नोव्हेंबर २००६ ला बंद झालं आणि १३ मार्च २००७ च्या पहाटे सुरुंग लावून पाडलं. आज त्याच जमिनीवर २०२१ पासून 'रिसॉर्ट्स वर्ल्ड' उभं आहे आणि त्याच्या एका मनोऱ्याच्या अंगावर सुमारे एक लाख चौरस फुटांचा एलईडी पडदा आहे.

मी इथे शेजारच्या हेंडरसनला राहते, इमारतींचे नकाशे काढण्याचं काम करते. स्ट्रिपवरून, म्हणजे कॅसिनोंच्या मुख्य रस्त्यावरून, जाताना दर वेळी वाटतं की तिथली खरी वास्तुकला पाट्यांची होती, आणि इमारतीच 'थीम', म्हणजे किल्ला, पिरॅमिड अशी सोंगं, होऊ लागल्या तसा पाट्यांचा जीव गेला. तुम्हाला काय वाटतं? विशेषतः इथले वास्तुरचनाकार आणि पाट्यांच्या धंद्यातली मंडळी, जरूर लिहा.

---

शेखर_कोथरूड

लेख आवडला. एक बाळबोध प्रश्न : १८८ फूट म्हणजे साधारण अठरा मजले. हॉटेल दुमजली आणि पाटी अठरा मजली, हे गणित जमवायचं कारण काय? पैसे इमारतीत का नाही घातले?

---

अवंती_हेंडरसन

शेखर, कारण गाडी.

स्ट्रिप म्हणजे मुळात लॉस एंजेलिसकडून येणारा महामार्ग, नंबर ९१. दोन्ही बाजूंना वाळवंट. नेवाडाने १९३१ मध्ये जुगार कायदेशीर केला, पण सुरुवातीची गर्दी जुन्या गावात, फ्रीमाँट स्ट्रीटवर होती. तिथे दुकानं भिंतीला भिंत लावून, पाट्या फुटपाथवर चालणाऱ्यांसाठी. महामार्गावर सगळं उलटं. हॉटेल आत, पुढे गाड्या लावायला भलंमोठं मैदान, आणि गिऱ्हाईक वेगाने जाणारं. त्याला दूरवरूनच ठरवता यायला हवं की वळायचं. मैदानापलीकडची इमारत, तीही बसकी, रात्रीच्या वेळी कुणाला दिसणार? म्हणून पाटी पुढे रस्त्याला आणायची आणि उंच करायची.

दुसरं कारण हद्दीचं. स्ट्रिपचा बहुतेक भाग लास व्हेगास शहराच्या हद्दीत येतच नाही, तो क्लार्क काउंटीत, म्हणजे जिल्ह्याच्या कारभारात, आहे. त्या काळात तिथे पाटी किती उंच, किती झगमगीत यावर फारसं कुणाचं बंधन नव्हतं. शेजाऱ्याने शंभर फूट केली की आपली दीडशे. १९६४ मध्ये 'ड्यून्स' हॉटेलने १८० फुटी फलक उभारला, स्टारडस्ट त्याच्याही वर गेलं.

आणि वीज. हूव्हर धरण जवळच, १९३६ पासून तिथे वीज तयार होऊ लागली.

---

काचनळी

धागा बघून लॉगिन केलं. माझे मामा मुंबईत निऑनच्या नळ्या वाकवायचे. औषधांची दुकानं, थिएटरं, साडीची दुकानं, सगळ्यांची कामं केली. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्या कारखान्यात तासन्‌तास बसून असे. ७,१०० फूट नळी हा आकडा वाचून अंगावर काटा आला, कारण त्यातला प्रत्येक फूट माणसाच्या हातातून गेलेला असतो. हे काम यंत्र करत नाही, आजही.

कसं करतात ते सांगतो.

आधी अक्षर खऱ्या मापात कागदावर काढायचं, तेही उलटं, आरशात दिसावं तसं. नळी त्या कागदावर ठेवून वाकवायची आणि वळण घेताना जास्तीची काच वरच्या बाजूला, म्हणजे पाटीच्या पाठीकडे न्यायची. म्हणजे समोरचा चेहरा एका पातळीत राहतो. काच साधारण चार फुटांच्या कांड्यांची. लांब वळणासाठी रांगेने ज्वाळा असलेला बर्नर, आणि काटकोनासाठी दोन्हीकडून समोरासमोर ज्वाळा मारणारा. नळी सतत फिरवत राहायची. काच मऊ झाली की ती हातात लोंबायला लागते, आणि मग तुमच्याकडे काही क्षणच असतात. नळीच्या एका टोकाला बारीक रबरी नळी, तिचं दुसरं टोक तोंडात. वळणावर काच चपटी व्हायला लागते, त्याच वेळी हलकी फुंक मारून तिला पुन्हा गोल करायची. फुंक जास्त झाली की फुगा, कमी पडली की नळी दबली. दबलेल्या जागी पुढे प्रकाश नीट पडत नाही. मामा वाकवताना एक शब्द बोलत नसत, कारण तोंडात नळी.

मग दोन्ही टोकांना इलेक्ट्रोड जोडायचे आणि हवा ओढून घ्यायची. पण नुसती हवा काढून भागत नाही, काचेच्या आतल्या अंगाला चिकटलेली घाण जाळावी लागते. त्यासाठी नळीतून जोरदार करंट सोडून ती तापवतात. जुने कारागीर नळीवर कागदाची पट्टी ठेवत. कागद तांबूस होऊन करपायला लागला की काच पुरेशी तापली असं समजायचं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि तो वास अजून ओळखतो. त्यानंतर वायू भरायचा, थोडासाच, आणि तोंड वितळवून बंद.

निऑन वायूचा रंग एकच : तांबडा-नारिंगी. निळा हवा असेल तर आर्गॉन आणि पाऱ्याचा एक थेंब. तो थेंब नळी कलती करून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावा लागतो. हिरवा, गुलाबी, पांढरा, पिवळा हे सगळे रंग आतून लावलेल्या पावडरीचे किंवा रंगीत काचेचे. शेवटी दोन अक्षरांना जोडणारा नळीचा भाग काळ्या रंगाने झाकायचा, नाहीतर शब्द वाचताच येणार नाही.

नीट केलेली नळी तीस-चाळीस वर्षं जळते. जाते ती बहुतेक वेळा दगडाने, गारांनी किंवा ट्रान्सफॉर्मर बिघडल्याने. या ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज पंधरा हजारांपर्यंत असतं, त्यामुळे पावसात पाटीला हात लावायचा नाही हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

---

अवंती_हेंडरसन

काचनळी, केवढं सुंदर लिहिलंत! कागदाच्या पट्टीची गोष्ट मला माहीत नव्हती. तुमच्या मामांना माझा नमस्कार सांगा.

एक भर : स्टारडस्टसारख्या पाटीत हलणारा प्रकाश दिसायचा, त्यामागे संगणक नव्हता. मोटरवर फिरणाऱ्या चकत्या असायच्या, त्यांच्या उंचवट्यांनी संपर्क जोडला-तोडला जायचा आणि दिव्यांच्या रांगा एकामागून एक पेटायच्या. प्रकाश वरून खाली पडतोय असं वाटायला किती रांगा, कुठल्या क्रमाने, किती अंतराने लावायच्या हे कारखान्यातच ठरायचं.

---

जुना_पुणेकर

माहिती चांगली आहे, मेहनतही दिसते. पण मला हा विषय मनापासून पटत नाही. ही सगळी रोषणाई माणसाला खिसा रिकामा करायला आत ओढण्यासाठी आहे. तिच्या सौंदर्याचं कौतुक करताना हे नजरेआड होता कामा नये. आपल्या महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोचा कायदा केला, तो कधी लागू केला नाही आणि २०२३ मध्ये रद्दच केला. मला तो निर्णय योग्य वाटतो.

---

अवंती_हेंडरसन

काका, तुमचा मुद्दा मला मान्य आहे आणि मी स्वतः खेळत नाही. या गावात जुगारापायी मोडलेली घरं मी पाहिली आहेत, त्याबद्दल मला काहीही गोड बोलायचं नाही.

पण पाटीत फक्त मालकाची हाव असते असं मला वाटत नाही. एक उदाहरण देते. १९५५ मध्ये इथे 'मूलाँ रूज' नावाचं हॉटेल उघडलं. त्या काळी स्ट्रिपवरच्या हॉटेलांत काळे कलाकार रंगमंचावर गायचे, पण त्याच हॉटेलात त्यांना खोली मिळत नसे. मूलाँ रूज हे पहिलं हॉटेल-कॅसिनो जिथे काळे-गोरे एकत्र बसू शकत होते. काही महिन्यांतच ते बंद पडलं. इमारत पुढे आगींत गेली. वाचली ती त्याची लपेटदार अक्षरं, आणि आज त्या इतिहासाची डोळ्यांना दिसणारी, हात लावावीशी वाटणारी खूण म्हणजे तीच.

ती अक्षरं काढणारी बाई बेटी विलिस. याच बाईंनी १९५९ मध्ये 'वेलकम टू फॅब्युलस लास व्हेगास' ही पाटी केली. 'वेस्टर्न निऑन' कंपनीत त्या काम करायच्या. पाट्यांच्या कारखान्यात तेव्हा बायका जवळजवळ नव्हत्याच. पाटी २५ फुटी, म्हणजे स्ट्रिपच्या मानाने ठेंगणीच. 'वेलकम'चं प्रत्येक अक्षर एकेका पांढऱ्या चकतीवर आहे, कारण चकती म्हणजे चांदीचा डॉलर. या पाटीचा हक्क त्यांनी कधी नोंदवला नाही, ती गावाला आपली भेट आहे असं त्या म्हणायच्या. म्हणून ती कॉफीचे मग, टोप्या, चुंबक सगळीकडे छापली जाते आणि त्यांना त्यातून काही मिळालं नाही. २०१५ मध्ये त्या गेल्या.

---

स्थपती

वास्तुरचनाकार म्हणून लिहितो. अवंतीताईंचं निम्मं म्हणणं पटलं, निम्मं नाही.

पटलेलं आधी. १९६८ मध्ये रॉबर्ट व्हेंचुरी, डेनिस स्कॉट ब्राऊन आणि स्टीव्हन आयझेनोर येल विद्यापीठातले विद्यार्थी घेऊन स्ट्रिपवर गेले आणि तिथल्या पाट्या, पार्किंग, इमारती मोजून काढल्या. त्या काळात शाळेत शिकवलं जायचं की चांगली इमारत म्हणजे काच, काँक्रीट, शून्य सजावट. यांनी सांगितलं की इमारतीचे दोन प्रकार बघा : एक, जिचा आकारच काहीतरी सांगतो. दुसरा, जी साधी शेड असते आणि सांगायचं काम वर लावलेली पाटी करते. पहिलीला त्यांनी 'बदक' म्हटलं, लाँग आयलंडवर बदकाच्या आकाराचं एक खरंखुरं दुकान होतं त्यावरून. दुसरी 'सजवलेली शेड'. स्टारडस्ट म्हणजे शेडचा अस्सल नमुना.

आता न पटलेलं. थीम इमारतीत शिरली की सगळं बिघडलं, असं मला वाटत नाही. १९६६ चं 'सीझर्स पॅलेस' बघा. जे सार्नो यांचं. समोर कारंज्यांची रांग, इटालियन सरू, दोन्ही बाजूंनी कवेत घेतल्यासारखे पुढे आलेले बाहू, आणि मागे वक्राकार मनोरा, त्याच्या अंगावर काँक्रीटच्या जाळीदार ठोकळ्यांचा पडदा. रात्री त्या जाळीवर निळसर-हिरवा प्रकाश टाकायचे. भिंतीवर निऑन जवळजवळ नाही. पण गाडी आत वळवली की माणूस आपोआप ताठ बसतो, कारण ती वाट त्याला मानाने आत नेते. पाटी माणसाला बोलावते, पण आत शिरताना काय वाटावं हे ठरवणं तिच्या हातात नसतं. ते काम अंगणाचं आणि पोर्चचं.

पुढच्या पिढीबद्दल मात्र माझंही मत फारसं बरं नाही. १९८९ चं 'मिराज', बाहेर ज्वालामुखी (ते २०२४ मध्ये बंद झालं). १९९० चा 'एक्सकॅलिबर' किल्ला. १९९३ चा 'लक्सर' पिरॅमिड, तीस मजली. १९९७ ला न्यूयॉर्क, १९९९ ला व्हेनिस आणि पॅरिस, त्यात निम्म्या मापाचा ५४० फुटी आयफेल. यात लक्सर मला एकटाच आवडतो, कारण तो एकच ठाम आकार आहे आणि काळ्या काचेवर संध्याकाळचं आकाश उतरतं. बाकी ठिकाणी मूळ इमारतींचे तुकडे एकमेकांना खेटून उभे केलेत. व्हेनिसमध्ये डोजच्या, म्हणजे तिथल्या जुन्या शासकाच्या, वाड्याला समोर सागर आहे, इथे सहा पदरी रस्ता.

---

अवंती_हेंडरसन

सीझर्सबद्दल तुमचं म्हणणं मान्य. तिथल्या पोर्चखाली उभं राहिलं की अजूनही ते जाणवतं, भोवती कितीही बांधकाम वाढलं असलं तरी.

पण बघा ना, सीझर्सनेसुद्धा रस्त्यावर स्वतंत्र पाटी केलीच : वर देवळासारखी त्रिकोणी कमान, खाली खांब आणि खांबांच्या पायाशी रोमन पुतळे. म्हणजे इमारतीची गोष्ट पाटीलाही सांगता येत होती, दोघांची गाठ होती. ती तुटली ती नंतर. मिराजपासून रस्त्यावरच्या फलकात मोठा चौकोन हलत्या चित्रांसाठी ठेवायची रीत पडली. आज त्या चौकोनात जादूगार, उद्या गायक, परवा मांसाच्या जेवणाची जाहिरात. असा पडदा कुठल्याही हॉटेलासमोर उभा केला तरी चालतो. स्टारडस्टचा ढग दुसऱ्या कुणाला चालला नसता.

आणि पाटी पाडायलाही लोक कचरले नाहीत. ड्यून्सचा तो १८० फुटी फलक २७ ऑक्टोबर १९९३ च्या रात्री हॉटेलबरोबरच उडवला, तोही समारंभ करून. स्ट्रिपवरच्याच 'ट्रेझर आयलंड' हॉटेलच्या जहाजावरून तोफ डागली आणि त्या इशाऱ्यावर सुरुंग. गर्दीने टाळ्या वाजवल्या. त्या जागी आज बेलाजिओ हॉटेल आहे. बेलाजिओचं तळं सुंदर आहे यात शंका नाही, पण त्या चित्रफिती मला बघवत नाहीत.

---

रातकिडा

लक्सरचा विषय निघालाच आहे तर त्याच्या टोकावरच्या झोताबद्दल. ३९ झेनॉन दिवे, सरळ आभाळात. रात्री विमानातून शेकडो मैलांवरून दिसतो. हा झोत किडे गोळा करतो, किड्यांमागे वटवाघळं येतात, वटवाघळांमागे घुबडं. जुलै २०१९ मध्ये व्हेगासवर नाकतोड्यांचे थवे आले होते, तेव्हा ते हवामानाच्या रडारवर दिसत होते आणि या झोतात अक्षरशः बर्फासारखे भिरभिरत होते. आधी पाऊस चांगला झाल्यामुळे त्यांची संख्या वाढली होती, पण गावाच्या उजेडाने त्यांना खेचलं.

तारे बघण्याचा छंद असलेला माणूस म्हणून सांगतो, निऑनची नळी त्या मानाने सौम्य. तिचा उजेड पाटीभोवतीच रेंगाळतो. त्रास होतो तो वर सोडलेल्या झोतांचा आणि प्रचंड पडद्यांचा. २०२३ मध्ये उघडलेल्या 'स्फिअर'चं बाहेरचं अंग जवळपास ५ लाख ८० हजार चौरस फूट एलईडीचं आहे. ते अख्खं पांढरं झालं की शेजारच्या हॉटेलांच्या खोल्यांत पडदे ओढावे लागतात.

---

मांडवीकाठ

पणजीहून लिहितोय. हा धागा आमच्यासाठी परका नाही. गोव्यात नव्वदच्या दशकात कायदा बदलून पाण्यावरच्या कॅसिनोंना वाट मोकळी झाली आणि आता मांडवीत बोटी कायमच्या उभ्या आहेत. संध्याकाळी फेरीला निघालं की एका बाजूला आदिलशाहाचा वाडा, कौलारू छपरं, जुनी झाडं, आणि दुसऱ्या बाजूला जांभळ्या-गुलाबी-हिरव्या पट्ट्यांनी वेढलेल्या बोटी. दर काही सेकंदांनी रंग बदलतो. पाण्यात तोच रंग पुन्हा. म्हणजे उजेड दुप्पट.

अवंतीताई, तुमच्या स्ट्रिपवर आजूबाजूला वाळवंट होतं, गाव नंतर आलं. इथे गाव आधीपासून आहे. आमची तक्रार जुगाराइतकीच उजेडाचीही आहे. आणि तुमच्या लेखाने एक गोष्ट माझ्या लक्षात आली : या बोटींवरच्या रोषणाईत गोव्याचं काहीच नाही. ना शंखशिंपल्यांच्या खिडक्यांची नक्षी, ना अझुलेजोचा, म्हणजे पोर्तुगीज रंगीत फरशांचा, निळा, ना आमच्या जुन्या दुकानांच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांची अक्षरं. ती बोट उचलून चीनजवळच्या कॅसिनोंच्या मकावमध्ये ठेवली तर तिथेही तशीच दिसेल. रोषणाई ठेवायचीच असेल तर निदान स्थिर ठेवा, खाली वळवा, मध्यरात्रीनंतर मंद करा, एवढं जरी झालं तरी नदीकाठी बसवेल.

---

अवंती_हेंडरसन

मांडवीकाठ, तुमचं म्हणणं अगदी रास्त आहे. मी माहेरी येते तेव्हा पणजीला जाणं होतं आणि ती बदलत्या रंगांची पट्टी मलाही खुपते. स्थिर ठेवा आणि खाली वळवा, या दोन गोष्टींना तांत्रिक अडचण काहीच नाही. एलईडीचा नियंत्रक बसलेलाच असतो, फक्त कार्यक्रम बदलायचा. याच्यासाठी नदीकाठच्या रहिवाशांनी लेखी मागणी करावी, रंगांचा वेग आणि तीव्रता आकड्यांत मागावी. नुसतं "उजेड कमी करा" म्हटलं की कुणी दाद देत नाही.

---

लालबागची_पोर

मला वाचताना सारखं गणपतीतल्या देखाव्यांची आठवण येत होती. आमच्या गल्लीत बांबू, कापड, थर्माकोलचा कधी राजवाडा, कधी दाक्षिणात्य गोपूर उभं राहतं, आणि मागे चाळ असते ती चाळच. कारागीर वर्षानुवर्षं तेच, लोकांना मंडळाचं नाव माहीत, त्यांचं नाही. आणि दहा दिवसांनी सगळं उतरवतात. व्हेगासमध्ये उतरवलेल्या पाट्यांचं होतं काय? भंगारात जातात का?

---

अवंती_हेंडरसन

फार महत्त्वाचा प्रश्न विचारलास, आणि याचं उत्तर धंद्याच्या एका रीतीत आहे.

व्हेगासमधल्या बऱ्याच मोठ्या पाट्या हॉटेलच्या मालकीच्या नसायच्याच. येस्को त्या भाड्याने द्यायची. महिन्याचं भाडं, त्यात दिवे बदलणं, नळ्या दुरुस्त करणं, रंग देणं सगळं आलं. हॉटेल बंद पडलं किंवा पाटी बदलली की जुनी पाटी कंपनीच्या आवारात परत. तिथे तिचे दिवे, ट्रान्सफॉर्मर, पत्रा दुसऱ्या पाटीला वापरायचे आणि सांगाडा उन्हात पडून राहायचा. त्या आवाराला लोक 'बोनयार्ड' म्हणू लागले. पाटी विकलेली असती तर ठेकेदाराने ती बुलडोझरखाली घातली असती. भाड्याची होती म्हणून वाचली.

१९९६ मध्ये निऑन म्युझियम ही संस्था सुरू झाली. पहिल्या दुरुस्त केलेल्या पाट्यांत 'अल्लादीन' हॉटेलचा दिवा आणि 'हासिएंडा' हॉटेलचा घोडेस्वार होते. संग्रहालयाचं आवार २०१२ मध्ये नीट लोकांसाठी खुलं झालं. आत जाण्याचा दरवाजाही एका पाडल्या जाणाऱ्या मोटेलचाच आहे : 'ला कोंचा'ची शिंपल्यासारखी काँक्रीटची लॉबी, १९६१ ची, पॉल रेव्हिअर विल्यम्स या काळ्या वास्तुरचनाकाराने केलेली. ती तुकडे करून तिथे आणली आणि पुन्हा जोडली. स्टारडस्टची ती कोनदार अक्षरं तिथे आहेत. जवळून बघितलं की पत्र्याला पाडलेली दिव्यांची छिद्रं, त्यातल्या गंजलेल्या होल्डरांच्या रांगा, उन्हाने पापुद्रे सुटलेला रंग, सगळं दिसतं. एकेक अक्षर माणसाहून कितीतरी उंच.

सगळ्याच पाट्यांच्या नशिबी हे नव्हतं. फ्रीमाँट स्ट्रीटवर 'व्हेगास व्हिक' नावाचा ४० फुटी निऑनचा काउबॉय १९५१ पासून उभा आहे. त्याचा हात हलायचा. १९९५ मध्ये गिऱ्हाईक परत यावं म्हणून अख्ख्या रस्त्यावर ९० फूट उंचीचं कमानदार छत घातलं, त्याच्या पोटाला आधी वीस लाखांवर साधे दिवे आणि २००४ पासून एलईडी. त्या छतासाठी व्हिकच्या टोपीची कड कापावी लागली. आता तो मान खाली घालून पडद्याखाली उभा असतो. त्या रस्त्याला खरंच गर्दी मिळाली, दुकानं वाचली, हे मी नाकारत नाही. पण ज्या रस्त्याची ओळख त्या काउबॉयने घडवली, त्याची टोपी न कापता छत वाकवणारा इंजिनिअर मिळाला नाही, याचं मला वाईट वाटतं.

---

काचनळी

लालबागची पोर, तुझ्या प्रश्नामुळे मुंबईचं सांगावंसं वाटतं. आमच्याकडे पाट्या विकत दिलेल्या असायच्या, म्हणून फ्लेक्स आणि नंतर एलईडी आल्यावर जुन्या पाट्या भंगारवाल्याकडे गेल्या. नळ्या फोडायच्या, ट्रान्सफॉर्मरमधलं तांबं काढायचं, पत्रा वेगळा विकायचा. मामांनी केलेली एकही पाटी आज जागेवर नाही. ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्ह परिसरातल्या आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तिथल्या इमारतींवरची उठावाची अक्षरं जपायला हवीत हे आता लोक मानतात. विजेच्या पाटीला तो मान अजून नाही. कुणाच्या दुकानात जुनी निऑनची पाटी बंद पडलेली असेल तर कृपा करून ती फोडू नका. नळी शाबूत असेल तर बहुतेक वेळा फक्त ट्रान्सफॉर्मर आणि वायर बदलून ती पुन्हा लागते.

---

जुना_पुणेकर

मूलाँ रूजबद्दल वाचलं. ती अक्षरं जपली हे चांगलं केलं. काचनळी, तुमच्या मामांकडे जुने कागदी नमुने असतील तर ते एखाद्या कलामहाविद्यालयाला द्या. ते गेले तर पुन्हा मिळणार नाहीत.

---

काचनळी

काका, नमुन्यांची गुंडाळी आहे. बरेच कागद कडांना करपलेले आहेत, पण अक्षरं स्पष्ट दिसतात, काही देवनागरी. चांगली सूचना केलीत, या महिन्यात फोटो काढून इथेच वेगळा धागा काढतो.

---

शेखर_कोथरूड

देवनागरी निऑनचा धागा नक्की काढा, वाट बघतोय.

अवंती, डिसेंबरात मुलाकडे लॉस एंजेलिसला येतोय, तिथून व्हेगासला एक मुक्काम आहे. पाट्या बघायच्या तर काय क्रमाने बघू? म्युझियम दिवसा बरं की रात्री?

---

अवंती_हेंडरसन

शेखर, जमलं तर संध्याकाळची वेळ घ्या, म्हणजे अर्धा भाग उजेडात आणि अर्धा अंधारात मिळतो. तिकीट आधी ऑनलाइन काढा, सुट्ट्यांत रात्रीच्या वेळा लवकर भरतात. दिवसा पत्रा, रंग, जोड दिसतात. रात्री ज्या पाट्या दुरुस्त केल्यात त्या लागतात आणि बाकीच्यांवर जमिनीवरून प्रकाश टाकतात.

तिथून फ्रीमाँट स्ट्रीट जवळ आहे. 'गोल्डन नगेट' बघा, कॅसिनो १९४६ चा, दर्शनी भाग आता पांढरा-सोनेरी झालाय. म्युझियममध्ये त्याचे जुने तुकडे पाहून मग तिथे गेलात तर फरक कळेल. व्हिक तिथेच आहे. मग स्ट्रिपवर 'फ्लेमिंगो'च्या दारावरची गुलाबी-नारिंगी पिसं बघा, राऊल रॉड्रिगेझ यांचं सत्तरच्या दशकातलं काम. 'सर्कस सर्कस'चा १२३ फुटी विदूषक १९७६ चा, त्याच्या अंगावरचे दिवे मोजायचा नाद करू नका, मान अवघडते. सीझर्सच्या पोर्चपर्यंत मात्र गाडीनेच जा, स्थपती म्हणतात ते तेव्हाच कळेल.

'वेलकम'च्या पाटीला सकाळी लवकर जा. ती रस्त्याच्या दुभाजकात आहे, आणि नऊनंतर फोटोची रांग लागते. डिसेंबरात रात्री बोचरी थंडी असते, गरम कपडे आणा. हेंडरसनला यायला जमलं तर कळवा, जेवायलाच या.